आधी छप्पर आणि दप्तर: गावातली जुनी शाळा राखताना

राधानगरी तालुक्यातल्या एका गावातून हा प्रश्न आला आहे. जिल्हा परिषदेची जुनी कौलारू शाळा आहे. चार खोल्या, पुढे पडवी, जांभ्याच्या भिंती. शेजारी स्लॅबची नवी इमारत झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ती बंद आहे. दोन खोल्या गळतात, पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा सुटलाय. निर्लेखनाचा, म्हणजे इमारत नोंदीतून काढून पाडण्याचा प्रस्ताव पाठवायचा आणि त्या जागी गाळे काढायचे अशी बोलणी गावात सुरू आहेत. माजी विद्यार्थ्यांना शाळा राहावी असं वाटतं, तिचा इतिहासही लिहायचाय. कौलांवर १८६५ साल उठलेलं आहे, म्हणून शाळा त्या सालची असं सगळे धरून चालतात. सुरुवात कुठून करावी, असं विचारलंय.

सव्वीस वर्षं मी कोल्हापूर जिल्ह्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो आहे आणि त्यात शाळा बऱ्याच आल्या. आज फेब्रुवारी संपत आलाय. माझं सांगणं एवढंच की मृगाच्या आत दोन कामं करा. छपरातून येणारं पाणी थांबवा, आणि शाळेचं दप्तर, म्हणजे जुनी रजिस्टरं आणि कागद, कोरड्या, सुरक्षित जागी न्या. गिलावा, रंगकाम, स्मरणिका, मेळावा, फोटोंचं दालन, हे सगळं दिवाळीनंतरच्या हंगामावर गेलं तरी काही बिघडत नाही. बहुतेक गावं उलट करतात. आधी कमान आणि रंग होतो, पैसे तिथंच संपतात आणि जुलैमध्ये आढ्यातून धार लागते.

आधी त्या १८६५ विषयी, कारण इतिहासाची पहिली चूक तिथंच होते. मंगळूरच्या बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू केला आणि ते साल त्यांच्या कौलांवर छापाचा भाग म्हणून उठवलं जायचं. पुढे कितीतरी वर्षं बनलेल्या कौलांवरही तेच साल असतं. म्हणजे तो कारखान्याच्या स्थापनेचा आकडा आहे, तुमच्या शाळेचा त्याच्याशी संबंध नाही. कौलं मूळ शाळेबरोबर चढली, की आधीचं गवती किंवा नळीच्या कौलांचं छप्पर काढून नंतर चढली, हेही बघावं लागेल. प्रत्येक जुन्या शाळेला तीन जन्मतारखा असतात. शाळा म्हणून वर्ग कधी भरू लागले, ही इमारत कधी उभी राहिली, आणि आजचं छप्पर कधी आलं. दर्शनी फळीवर असतं ते साल बहुधा पहिलं असतं, आणि वर्ग तेव्हा चावडीत, देवळात नाहीतर कुणाच्या तरी पडवीत भरत असत. ही तिन्ही सालं वहीच्या पहिल्या पानावर वेगवेगळी लिहा. पुरावा मिळेपर्यंत जागा कोरी ठेवली तरी चालेल.

आता छप्पर. पहिल्या वळवाच्या सरीला छत्री घेऊन शाळेत जा, सोबत कोळशाचा तुकडा न्या. जिथं थेंब पडतो तिथं जमिनीवर गोल करा आणि वेळ लिहा. पाऊस सुरू होताच गळायला लागलं तर कौल फुटलंय किंवा सरकलंय. अर्ध्या तासानं गळायला लागलं तर पाणी दुसरीकडून शिरून रिपांवरून (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांवरून) वाहत आलंय आणि दोष वरच्या बाजूला, बरेचदा आढ्याजवळ आहे. वळीव येईपर्यंत थांबायचं नसेल तर भर दुपारी खोल्यांची दारं-खिडक्या लावून आत उभे राहा. जिथून उन्हाचे कवडसे येतात तिथून पाणीही येणार.

कौलं काढायला तालमीतली पोरं लावा, पण वर चढवू नका. वर फक्त जाणता सुतार आणि त्याचा माणूस. पोरांनी खाली साखळी करून कौलं हातोहात घ्यायची आणि उभी रचायची, आडवी नाही. प्रत्येक कौलावर बोटाच्या पेरानं टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठेवा, भद्द वाजलं तर त्यात तडा आहे. चौरस मीटरला साधारण पंधरा मंगलोरी कौलं लागतात, म्हणजे दीडशे चौरस मीटरच्या छपराला सव्वादोन हजार. त्यातली दीड-दोनशे बाद होतील असं धरून जुनीच कौलं आधी जमवा. आजूबाजूला घरं पाडून स्लॅब टाकण्याचा धडाका चालू असल्यानं ती स्वस्तात, कधी फुकटही मिळतात. नवं कौल जुन्याच्या खाचेत नीट बसेल याची खात्री नसते. आणि कौलं उतरवून पत्रा मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पत्र्याखाली उन्हाळ्यात पोरांना बसवत नाही, पावसात गुरुजींचा आवाज ऐकू जात नाही. शिवाय कौलांच्या वजनानं दाबून बसलेलं जुनं लाकूडकाम हलक्या पत्र्याखाली वाऱ्यानं उचकटतं.

लाकूड तपासायची जागा मधली नसते, टोकं असतात. तुळईचं जे टोक भिंतीत शिरलंय तिथं स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. अर्धा इंच सहज गेला तर आत कूज आहे. भिंतीवरून मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर ती वाळवी आहे. तरीही सबंध तुळई बदलायची घाई नको. कुजलेलं दीड-दोन फूट कापून तिथं जुन्याच सागाचा जोड द्यायचा आणि बोल्टांनी आवळायचा, हे काम आपल्याकडचे जुने सुतार उत्तम करतात. उरलेली तुळई अजून शंभर वर्षं जाईल.

पश्चिमेच्या भिंतीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं मी स्वतः चुकलेलो आहे. कामाला लागून तिसरं की चौथं वर्ष असेल. भुदरगड तालुक्यातल्या एका शाळेची जांभ्याची भिंत अशीच ओली होती, गिलावा सुटला होता. गाव घाईत होतं. मी सिमेंटचा गिलावा करू दिला, वर ऑइल पेंटचा पट्टाही मारू दिला. काम देखणं दिसलं, कौतुक झालं. दोन पावसाळ्यांनंतर गेलो तर गिलाव्याचे पापुद्रे हाताच्या पंजाएवढे सुटले होते आणि प्रत्येक पापुद्र्यामागं जांभ्याचा अर्धा-पाऊण इंचाचा थर चिकटून आला होता. खाली लाल भुकटीचा ढीग. पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल हळूहळू बाहेर पडायची. ती वाट मी बंद केली होती. पाणी जोत्यातून चढत राहिलं, बाहेर पडायला जागा नाही म्हणून वर वर गेलं आणि थेट तुळईच्या टोकांना लागलं. भिंत वाचवायला गेलो आणि छप्पर धोक्यात आणलं. नंतर ते सगळं छिन्नीनं काढून चुन्यात पुन्हा करावं लागलं, तो खर्च गावानं दुसऱ्यांदा सोसला. त्या दिवसापासून मी जांभ्याच्या किंवा पांढरीच्या (पांढऱ्या मातीच्या) भिंतीला सिमेंट लागू देत नाही.

म्हणून तुमच्या त्या भिंतीला या हंगामात गिलावा करूच नका. आधी पाणी कुठून येतं ते बघा. माझा अंदाज असा की शाळेभोवतीची जमीन वर आली असणार. रस्त्यावर डांबराचे थर चढतात, अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसतात, आणि शाळेचं दीड फुटाचं जोतं अर्ध्या फुटावर येतं. वळचणीचं पाणी ब्लॉकवर पडून भिंतीवर उडतं, तिथंच साचतं. भिंतीपासून तीन फुटांपर्यंतचे ब्लॉक उचला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन उथळ चर काढा, त्यात वाळू-खडी भरा. या कामाला फार पैसे लागत नाहीत आणि ओल निम्म्यानं हटते. एक पावसाळा भिंतीला नुसतं वाळू द्या.

दिवाळीनंतर चुना. कळीचा चुना पाण्यात विरवून किमान महिनाभर मुरवायचा. गिलाव्याला एक भाग चुना आणि तीन भाग वाळू-सुर्खी (विटांची भुकटी) चालते. त्यात गुळाचं पाणी आणि हिरडा भिजवलेलं पाणी घालायची आपल्याकडची जुनी रीत आहे. गूळ आपल्या घरचा, हिरडा तुमच्या राधानगरीच्या रानातला, बाहेरून काही आणायला नको. थर पातळ द्यायचे, अर्ध्या इंचाच्या आत, आणि दोन-तीन आठवडे गोणपाटाखाली ओलसर ठेवायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगडासारखा होतो, म्हणून त्याला होळीच्या आधी संपवून पावसाळ्यापर्यंत वेळ द्यावा लागतो. गवंडी जुन्या वयाचा शोधा. आजऱ्याकडं, पन्हाळ्याकडं अजून आहेत, आणि त्यांच्या हाताखाली गावातली दोन तरुण पोरं जरूर ठेवा.

छपराबद्दल एवढं पुरे. दप्तराचं काम याहून नाजूक आहे आणि त्याला उशीर अजिबात परवडत नाही.

शाळेचं दप्तर म्हणजे काय, हे गावकऱ्यांना बरेचदा माहीत नसतं. जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद, सगळ्यात मोलाचं. त्याशिवाय हजेरीपट, डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंद), शेरेबुक, लॉगबुक, पगारपत्रकं, शाळा समितीच्या सभांची इतिवृत्तं. डेडस्टॉकला कुणी हात लावत नाही, पण शाळेत कधी काय आलं हे तिथंच कळतं: पहिलं घड्याळ, पृथ्वीचा गोल, नकाशे, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. शेरेबुकात तपासणीला आलेल्या साहेबांनी लिहिलेलं असतं की पाऊस फार असल्यानं मुलं कमी, पश्चिमेची खोली गळते. तुमची पश्चिमेची खोली किती वर्षांपासून गळते हे तिथं सापडलं तर आश्चर्य नाही.

हे सगळं बहुतेक शाळांत एका लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात असतं. खालच्या कप्प्यात का, तर जड आहे म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी त्रेचाळीसची. शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा कपाटाचं दार फुगलेल्या कागदांनीच आतून दाबून बसवलं होतं. कुणीतरी चांगल्या मनानं रजिस्टरं काढून कडक उन्हात पसरली होती. पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती, आणि चिकटलेलं पान सोडवताना शाई पलीकडच्या पानावर राहत होती. एका रजिस्टरची मधली साठ पानं आम्हाला सोडून द्यावी लागली. साठ पानं म्हणजे हजारभर मुलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा त्याच शाळेनं दप्तर आधीच माडीवर नेलं होतं.

ओला कागद सावलीत, पंख्याखाली वाळवायचा. दर दहा-पंधरा पानांमध्ये कोरा शोषक कागद घालायचा आणि तो दर काही तासांनी बदलायचा. दोन दिवसांच्या आत बुरशी धरते. वह्या फार असतील आणि माणसं कमी, तर प्रत्येक वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. मग सवडीनं एकेक काढा.

तुमच्या गावात पूर येत नसेल, तरी गळती आणि वाळवी आहेच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, विटांवर चढवा, जुनी रजिस्टरं वरच्या कप्प्यात आडवी ठेवा. सुती कापडाचा रुमाल बांधा. जुन्या कारकुनांनी रुमाल वापरले ते उगीच नाही, कापड धूळ अडवतं आणि कागदाला हवाही लागू देतं. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या तर बऱ्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको. प्लास्टिकमध्ये कोंडलेलं पान पुन्हा कधी दुरुस्त करता येत नाही.

मग फोटो. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, रजिस्टर शाळेबाहेर नेऊ नका. ते कायदेशीर कागद आहेत आणि ताबा मुख्याध्यापकांचा असतो. पडवीत सावलीच्या उजेडात मोबाइल स्टँडवर बसवून, फ्लॅश न वापरता, पान समासासकट पूर्ण दिसेल असा फोटो काढा. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा पुढे फार उपयोगी पडतात. तीन प्रती ठेवा, त्यातली एक गावाबाहेर. हे काम दोन माणसांनी चार रविवारांत होतं.

याला आता आणखी एक निकड आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून शाळांची जुनी रजिस्टरं सतत हाताळली जात आहेत. ज्या पानांना पन्नास वर्षं कुणी हात लावला नव्हता ती घाईनं उलटली गेली, काहींच्या कडा गेल्या. फोटोंची प्रत असली की मूळ पान पुन्हा पुन्हा उघडावं लागत नाही. पण ही पानं समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यांत लोकांच्या आजोबा-पणजोबांची जात आहे, नापास झाल्याचे शेरे आहेत, वर्तणुकीवर लिहिलेलं आहे. ज्याचं त्याला दाखवा.

रजिस्टर वाचायचं कसं, हेही शिकावं लागतं. जन्मतारखांच्या रकान्यात पान पान भरून १ जून दिसेल. त्या गावात सगळी मुलं जूनमध्ये जन्मली नव्हती. आईबापांना तारीख माहीत नसे, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी पोराकडं बघून वय ठरवायचे आणि १ जून टाकायचे. जुन्या कागदांत शके किंवा फसली (जुनं महसुली) साल असेल तर शक्यात ७८ आणि फसलीत ५९० मिळवा, इसवी सन मिळतो. एखाद्या वर्षाची चूक पडू शकते, कारण वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होतं. मोडी असेल तर घाबरू नका. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, आणि कोल्हापुरात मोडी वाचणारी माणसं आजही भरपूर आहेत.

मी सगळ्यात जास्त वेळ ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यावर घालवतो. एका शाळेचं एक पान माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. काळ्याची तपकिरी झालेली शाई, एकाच वळणाचं अक्षर, आणि खालोखाल कारणं: गुरे राखणे, घरकाम, परगावी, गुरे राखणे, लग्न, गैरहजर, मयत. मुलीचं नाव एकच होतं, ‘लग्न’ तिच्यापुढं होतं, आणि रजिस्टरप्रमाणं तिचं वय अकरा. गावाचा इतिहास लिहिताना पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, चौथीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी कोण, हे शोधून काढा. तिचे नातू-पणतू आजही गावात असतील. नाव छापण्याआधी त्यांना विचारा.

कोल्हापूरच्या शाळांचा इतिहास लिहिताना शाहू महाराजांच्या कायद्यापासून सुटका नाही, आणि नसावीही. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. तुमच्या गावात हा हुकूम प्रत्यक्ष कसा उतरला ते मात्र गॅझेटात मिळणार नाही. कोण आत बसलं, कोण पडवीत, पाणी कोण कुठून प्यायलं, हे विचारायला वाड्यातल्या आजोबांबरोबर मागच्या वस्तीतल्या आजोबांकडंही जावं लागेल, आणि तिथं आधी जावं असं माझं मत आहे. त्यांच्याकडं गेल्याशिवाय लिहिलेला शाळेचा इतिहास मी अर्धा धरतो.

कागद कुठं शोधायचे हे गाव पूर्वी कुणाच्या अमलात होतं त्यावर ठरतं. आजचा जिल्हा म्हणजे जुनं संस्थान, हे बरोबर नाही. कुरुंदवाड पटवर्धनांचं वेगळं संस्थान होतं. कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड या जहागिरी. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. तुमचं गाव थेट दरबारच्या ताब्यात होतं की जहागिरीत, एवढं आधी तलाठ्याच्या जुन्या कागदांतून काढा. दरबारचं असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शिक्षण खात्याचे कागद आणि करवीर सरकारचं गॅझेट बघा. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तिथून पुढची कागदपत्रं वेगळ्या खात्यांची. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडं गेल्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे, तिथं एक दिवस काढाच. आणि गावातल्या कुलकर्ण्यांच्या घरी दप्तर असेल अशी आशा ठेवताना हेही लक्षात असू द्या की गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत आपल्या भागातल्या कित्येक वाड्यांबरोबर दप्तरंही जळाली. ती आठवण काढताना जपून बोला.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. ‘कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर?’ असं विचारा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट इथं कुणी विसरलेलं नाही. संस्थान गेलं तेव्हा, राधानगरीचं धरण पुरं झालं तेव्हा, बहात्तरच्या दुष्काळात, अशा खुणा लावल्या की माणूस बरोबर वर्षावर येतो. आणि मुलाखत घरी घेऊ नका. शक्य असेल तर त्यांना शाळेतच आणा. ऐंशी पार केलेल्या एका आक्कांना आम्ही खुर्चीवर बसवून शाळेत नेलं होतं. घरी त्या ‘आता काय आठवत न्हाई बाळा’ एवढंच म्हणत होत्या. उंबऱ्यात आल्याबरोबर त्यांनी काठीनं कोपरा दाखवला. ‘हितं पोरी बसायच्या. शनवारी सकाळी पोरं शेण आणायची, सारवायचं आमीच.’ मग औटकीचा, म्हणजे साडेतीनचा पाढा सुरू केला आणि चौदा औटे एकुणपन्नासपर्यंत न अडखळता म्हणाल्या. खिडकीखालच्या दगडावर त्या पाटीची पेन्सिल घासून टोक करायच्या. दगडाला तेवढ्याच जागी बोटभर खोल खाच होती. गिलावा करताना तो दगड झाकला जाणार होता. आम्ही तो उघडा ठेवला.

कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील, बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, अशी माणसं या जिल्ह्यातल्या गावांनी दिली, आणि स्मरणिका काढताना प्रत्येक गाव आपल्या शाळेतला असाच एखादा मोठा माणूस शोधू लागतं. तुमच्याकडं असेल तर आनंद आहे. नसेल तर पानं ओढूनताणून भरू नका. शाळा बांधायला दगड कुठल्या खाणीतून आला, जागा कुणी दिली, गवंडी आणि सुतार कोण होते, पहिल्या गुरुजींना जेवण कुणाकडं होतं, एवढं जमवलं तरी स्मरणिका भरेल.

आता निर्लेखन. प्रस्ताव सहसा मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीपासून सुरू होतो, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर जातो, बांधकाम विभागाचा अभियंता इमारत बघून धोकादायक असल्याचा दाखला देतो. एकदा मंजुरी झाली की लाकूड-कौलांचा लिलाव निघतो आणि मग परतीची वाट राहत नाही. म्हणून प्रस्ताव निघण्याआधी ग्रामसभेचा ठराव हवा. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, पुढची १ मे च्या आसपास असेल. ठरावात ‘वारसा’ हा शब्द घाला, पण त्यावर विसंबू नका. राज्य संरक्षित स्मारक होणं गावच्या शाळेला जवळपास अशक्य आहे, आणि वारसा यादीची तरतूद ज्या नगररचना कायद्यातून येते तिचा उपयोग मुख्यतः शहरांत होतो. ठरावात उपयोग लिहा: कोणत्या खोलीत काय चालणार, किल्ली कुणाकडं, वीजबिल कोण भरणार, छपराची वार्षिक डागडुजी कोण करणार. अधिकाऱ्यांच्या टेबलावर हे चार मुद्दे बोलतात.

उपयोगाबद्दल माझा आग्रह स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेचा आहे. गावोगावी पोरं-पोरी बसायला जागा शोधत असतात, आणि ती पहाटे पाचला दार उघडतात. रोज खिडक्या उघडल्या की ओल जाते, वाळवी वेळेत दिसते, एखादं कौल सरकलं तर त्याच दिवशी कळतं. दुसऱ्या खोलीत बचत गटाची बैठक, तिसरीत दप्तराच्या प्रती आणि फोटो. नुसतं संग्रहालय केलं तर उद्घाटनानंतर कुलूप लागतं, हे मी तीन गावांत बघितलंय.

गाळे हवे असणाऱ्यांशी भांडू नका. ग्रामपंचायतीला उत्पन्न लागतं, त्यांची गरज खरी आहे. गाळ्यांसाठी दुसरी जागा सुचवूनच ग्रामसभेत जा. आणि इमारत खरोखर धोक्याची आहे का, हे जुन्या भारवाहक भिंती ओळखणाऱ्या अभियंत्याकडून लिहून घ्या. कॉलम-बीमच्या फूटपट्टीनं मोजलं तर कुठलीही जुनी शाळा नापासच होणार. तोवर मुलांना आत खेळू देऊ नका, दाराला दोरी बांधा. जागेचा कागदही आत्ताच बघून ठेवा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि गावठाणाची मिळकत पत्रिका. जमीन तोंडी दान दिलेली असेल तर वारसांच्या घरी जाऊन बसा, चहा घ्या, त्यांच्या आजोबांचं नाव पडवीत लागणार आहे हे सांगा, आणि संमती लेखी घ्या.

मला तीन फोटो पाठवा. पश्चिमेच्या भिंतीचा जमिनीपासून तीन फुटांचा भाग, त्या भिंतीत शिरलेल्या तुळईचं टोक, आणि कपाटातल्या सगळ्यात जुन्या रजिस्टरचं पहिलं पान. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मला राधानगरीकडं यायचंच आहे. सुताराला त्या दिवशी थांबवून ठेवा, शिडी उंच हवी.